सोरायसिस : नामभ्रम आणि गोव्याची पूड

जुन्या वैद्यकग्रंथांत एखाद्या रोगाचा माग काढू लागले असता पुष्कळदा रोगाऐवजी शब्दच हाती येतो. सोरायसिस या त्वचारोगाच्या बाबतीत ही अडचण विशेष जाणवते. ग्रीक ‘प्सोरा’ म्हणजे खाज. दुसऱ्या शतकात गेलेनने ‘सोरायसिस’ हा शब्द योजला तो पापण्यांच्या व वृषणाच्या त्वचेवरील खाजऱ्या विकारासाठी. तो विकार आज बहुधा इसबात जमा होईल. उलट कोपर, गुडघे व टाळू यांवर लालसर चट्टे उठवून त्यांवर चंदेरी पापुद्रे धरणारा आजचा सोरायसिस हा ‘लेप्रा’ या निराळ्याच शब्दाखाली वावरत असावा, असे मानले जाते. ‘लेपिस’ म्हणजे खवला. तेव्हा शब्द मुळात वर्णनपरच होता. परंतु हिब्रू धर्मग्रंथातील अशुद्धतादर्शक ‘त्साराथ’ या शब्दासाठी ग्रीक भाषांतरकारांनी ‘लेप्रा’ हाच शब्द घेतला, पुढे महारोगालाही तोच चिकटला, आणि खवले धरणारी कातडी एवढ्याच कारणाने माणसास वस्तीबाहेर काढण्यास शब्दाचा आधार मिळाला.

संस्कृत ‘कुष्ठ’ या शब्दाची कथा याहून फारशी वेगळी नाही. चरक व सुश्रुत यांनी कुष्ठाचे अठरा प्रकार सांगितले. त्यांत सात महाकुष्ठे व अकरा क्षुद्रकुष्ठे. माशाच्या खवल्यांची उपमा लाभलेले एककुष्ठ किंवा खरखरीत, काळपट किटिभ यांत आधुनिक अभ्यासक सोरायसिस शोधतात. हे समीकरण केवळ वर्णनाच्या साम्यावर उभे आहे, म्हणून ते जपूनच स्वीकारावे. याच ‘कुष्ठा’पासून हिंदी ‘कोढ’ झाला तो महारोगासाठी. मराठी ‘कोड’ मात्र पांढऱ्या डागांवर स्थिरावला. शेजारच्या दोन भाषांत एकाच शब्दाने दोन निरनिराळ्या प्रकारच्या रुग्णांना कलंकित केले, ही गोष्ट भाषाभ्यासकाने सहज सोडून द्यावी अशी नाही.

लंडनच्या रॉबर्ट विलन याने १७९८ ते १८०८ या काळात त्वचारोगांची मांडणी बाह्य स्वरूपावरून केली. निरीक्षण नेमके, पण जुनी नावे सुटेनात : गोल चकत्या त्याने ‘लेप्रा’त घातल्या, वेड्यावाकड्या चट्ट्यांना ‘सोरायसिस’ म्हटले. १८४१ मध्ये व्हिएन्नात फर्डिनांड हेब्रा याने दोन्ही एकच ठरवून ‘लेप्रा’ हे नाव या रोगापुरते काढून टाकले.

नाव सुटले, तरी उपाय सोमल व डांबर यांपलीकडे फारसा गेला नव्हता. येथे गोव्याचा संबंध येतो. ‘गोवा पावडर’ नावाची एक पिवळट-तपकिरी पूड पश्चिम किनाऱ्यावर गजकर्णावरचे औषध म्हणून महागात विकली जाई. १८६४ मध्ये मुंबईचे औषधविक्रेते केम्प यांनी तिच्याकडे इंग्लंडातील तज्ज्ञांचे लक्ष वेधले. तिचे मूळ मात्र गूढच राहिले. १८७४ मध्ये कलकत्त्याच्या जोसेफ फेरर यांनी तिच्याविषयी लिहिले, तेव्हा ब्राझीलमधील बाहियाचे वैद्य दा सिल्व्हा लिमा यांनी ती आपल्याकडील ‘अरारोबा’च असल्याचे ओळखले. पूड निघे ब्राझीलच्या एका वृक्षाच्या खोडातील पोकळ्यांतून. पोर्तुगीजांच्या व्यापाराने ती गोव्यात आली, आणि गोव्याने तिला केवळ नाव दिले. १८७६ मध्ये लंडनच्या बालमॅनो स्क्वायर यांच्या एका रुग्णाने आपला रोग गजकर्ण समजून ही पूड लावली. रोग सोरायसिस होता. चट्टे विरू लागले. चुकीच्या नावाने योग्य औषध सापडल्याची इतकी स्वच्छ उदाहरणे वैद्यकाच्या इतिहासात थोडीच असतील.

औषधाच्या नावातही घोटाळा होताच. प्रारंभी ‘क्रायसोफॅनिक आम्ल’ म्हटले गेलेले द्रव्य वस्तुतः क्रायसारोबिन होते, हे लीबरमान व सायडलर यांनी १८७८ मध्ये दाखविले. पहिल्या महायुद्धात जर्मनीत अरारोबाचा पुरवठा तुटला, तेव्हा तत्सम कृत्रिम द्रव्य तयार झाले. १९१६ मध्ये गॅलेव्स्की यांनी त्याची माहिती प्रसिद्ध केली. तेच डिथ्रॅनॉल. १९५३ मध्ये लीड्सच्या इंग्रॅम यांनी डांबरस्नान, अतिनील किरण व डिथ्रॅनॉलचा लेप अशी पद्धती प्रचारात आणली. कातडीवर ती गुणकारी ठरली, परंतु हे द्रव्य कपडे, कातडी व केस रंगवून टाकते. त्यामुळे टाळूवर त्याचा वापर नेहमीच अडचणीचा राहिला. तेथे प्रथम सॅलिसिलिक आम्लाने पापुद्रे मऊ करून काढावे लागतात, तेव्हाच पुढील औषध कातडीपर्यंत पोचते.

१९७९ मध्ये सायक्लोस्पोरिनने सोरायसिस उतरतो असे आढळल्यावर दृष्टी पालटली. एरवी महिनाभर चालणारे त्वचापेशींचे नवीकरण येथे काही दिवसांत उरकते, आणि त्यामागे शरीराच्या प्रतिकारयंत्रणेचा प्रक्षोभ असतो, हे आज मान्य झाले आहे. रोग संसर्गजन्य नाही. नव्या जैविक औषधांनी कातडी जवळजवळ स्वच्छ होऊ शकते, परंतु रोग समूळ जात नाही.

मराठी बोलण्यात मात्र अद्याप टाळूवरचा सोरायसिस ‘कोंडा’ म्हणून अंगावर काढला जातो (धान्याच्या कोंड्यावरून असेच नाव ग्रीकांनीही ‘पिटिरियासिस’ म्हणून घडविले होते), आणि अंगावरचा ‘गजकर्ण’ म्हणून. फरक इतकाच की आता गजकर्णासाठी दुकानातून सहज मिळणाऱ्या मलमांत पुष्कळदा तीव्र स्टेरॉइड असते. चट्टे प्रथम विरतात, आणि मलम एकाएकी थांबवल्यावर सोरायसिस अधिक जोराने, क्वचित पुवाच्या पुटकुळ्यांसह, उलटतो.