लाल पॉइंट, निळे पॉइंट : युद्धकाळातील अमेरिकेचा बाजारहाट

महागाई भत्त्याचा नवा हप्ता जाहीर झाला की शिक्षकांच्या खोलीत एक प्रश्न हमखास निघतो. आमच्या किराणामालाच्या यादीत दिसणारी महागाई सरकारी निर्देशांकाला का दिसत नाही? हा वाद जुना आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत तो फार कडाक्याने झाला आणि त्यात कामगार संघटना एका बाजूला व सरकारी संख्याशास्त्रज्ञ दुसऱ्या बाजूला उभे राहिले. तो वाद समजून घ्यायचा तर त्या काळातल्या अमेरिकन घराचा बाजारहाट आधी पाहायला हवा. आमच्यासारख्या रसायनशास्त्रातल्या माणसांना त्या पिशवीत रबर, चरबी, जस्त आणि लाख अशा ओळखीच्या गोष्टीही भेटतात.

युद्धापूर्वीची दहा वर्षे अमेरिकेने मंदीत काढली होती. १९३९ साली काम शोधणाऱ्या दर सहा माणसांपैकी एक बेकार होता. १९४४ साली हेच प्रमाण शेकडा एकच्या जवळ आले. सुमारे साठ लाख स्त्रिया नव्याने कामावर जाऊ लागल्या. हातात पैसा आला, पण घेण्यासारख्या वस्तू नाहीशा झाल्या. डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि फेब्रुवारी १९४२ मध्ये खासगी मोटारींचे उत्पादनच थांबले. त्या कारखान्यांत रणगाडे आणि विमाने तयार होऊ लागली. पैसा जास्त आणि माल कमी असला की काय होते याचा अनुभव ताजा होता. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीपासून १९२० पर्यंत अमेरिकेतली किंमतपातळी दुप्पट झाली होती.

म्हणून २८ एप्रिल १९४२ रोजी किंमत नियंत्रण कार्यालयाने एक सरसकट हुकूम काढला. मार्च १९४२ मध्ये दुकानदाराने एखाद्या वस्तूची जी सर्वांत जास्त किंमत घेतली असेल, तीच यापुढे त्या वस्तूची कमाल किंमत. या कार्यालयात किमतींचा विभाग सांभाळत होते जॉन केनेथ गालब्रेथ, जे पुढे १९६१ ते १९६३ या काळात भारतात अमेरिकेचे राजदूत होते. त्यांचे एक निरीक्षण मार्मिक आहे. मोजक्याच कंपन्या ज्या बाजारात असतात तिथे किंमत बांधणे सोपे जाते, कारण तिथल्या किमती त्या कंपन्यांनी आधीच बांधलेल्या असतात. पोलादाचा भाव बांधता येतो; अंडी आणि भाजीपाल्याचा भाव बांधताना मात्र नाकी नऊ येतात.

पण नुसती किंमत बांधून भागत नाही. साखर स्वस्त राहिली तर जो पहिल्यांदा रांगेत उभा राहील तो पोतेभर घेऊन जाईल. भाव वाढू दिला तर ज्याच्याकडे पैसा आहे तो नेईल. दोन्ही टाळायचे तर प्रत्येकाला ठरावीक वाटा द्यावा लागतो. मे १९४२ च्या पहिल्या आठवड्यात साखरेसाठी पहिले रेशन पुस्तक वाटले गेले आणि वाटणारे होते प्राथमिक शाळांतले शिक्षक! देशभर शाळांमध्ये टेबले मांडून नोंदणी झाली. घरात आधीच किती साखर आहे हे शिक्षकांसमोर लिहून द्यायचे आणि साठा जास्त असेल तर तेवढी तिकिटे पुस्तकातून फाडून घेतली जायची. सरकारी कामे शिक्षकांच्याच गळ्यात पडतात हे काही आपल्याकडचेच वैशिष्ट्य नाही.

साखरेचे सोपे होते; साखर म्हणजे साखर. डबाबंद पदार्थांचे काय करायचे? मटार, पीच, टोमॅटो, सूप अशा शेकडो वस्तू आणि प्रत्येक घराची आवड निराळी. मार्च १९४३ पासून यासाठी पॉइंटांची पद्धत आली. डबाबंद व प्रक्रिया केलेल्या पदार्थांसाठी माणशी महिन्याला ४८ निळे पॉइंट. मांस, लोणी, चीज, चरबी यांसाठी आठवड्याला १६ लाल पॉइंट. प्रत्येक वस्तूला आता दोन किमती होत्या, एक सेंटमध्ये आणि एक पॉइंटांत. दुकानात दोन्ही द्याव्या लागत. सेंटमधली किंमत हुकमाने बांधलेली होती, पण पॉइंटांतली किंमत सरकार वेळोवेळी बदलत असे. एखाद्या वस्तूचा साठा पडून राहू लागला की तिचे पॉइंट कमी आणि टंचाई झाली की वाढ. म्हणजे एरवी बाजारभाव जे काम करतो ते आता पॉइंट करू लागले. फरक एवढाच की हे दुसरे चलन श्रीमंताला आणि गरिबाला सारखेच मिळत होते. आमच्या मते युद्धकाळातल्या अमेरिकेतला सर्वांत कल्पक शोध हाच. फेब्रुवारी १९४४ पासून या चलनाची सुटी नाणीसुद्धा निघाली, लाल आणि निळ्या रंगाच्या छोट्या चकत्या. धातू वाचवायचा असल्यामुळे त्या जस्त क्लोराइडची प्रक्रिया करून कडक केलेल्या सेल्युलोजच्या होत्या.

खऱ्या नाण्यांचीही हीच कथा. तांबे तोफगोळ्यांच्या पुंगळ्यांसाठी हवे होते म्हणून १९४३ सालचा एक सेंट जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचा निघाला. तो चुंबकाला चिकटायचा आणि गंजायचाही. नाणे टाकून चालणाऱ्या यंत्रांतले चुंबक त्याला खोटी चकती समजून अडवायचे. पाच सेंटच्या नाण्यातून निकेल गेले आणि त्याऐवजी शेकडा ५६ भाग तांबे, ३५ भाग चांदी आणि ९ भाग मँगनीज आले. नाण्यातल्या निकेलपेक्षा चांदी परवडते अशी वेळ! ती वेळ किती विलक्षण होती याचे आणखी एक उदाहरण द्यायला हवे. ओक रिज येथे युरेनियमची समस्थानिके वेगळी करणाऱ्या विद्युतचुंबकांच्या वेटोळ्यांसाठी तांबे पुरेना, तेव्हा सरकारी खजिन्यातून चौदा हजार टनांहून अधिक चांदी उसनी घेऊन तिच्या पट्ट्या वापरल्या गेल्या. हे अर्थातच तेव्हा कोणाला माहीत नव्हते. युद्धानंतर ती चांदी परत करण्यात आली.

वर्गात विचारण्याजोगा प्रश्न पेट्रोलचा. अमेरिकेत तेलाच्या विहिरी भरपूर होत्या, मग पेट्रोलचे रेशनिंग का? पूर्व किनाऱ्यावर ते आधी आले, कारण जर्मन पाणबुड्या तेलवाहू जहाजे बुडवत होत्या. पण १ डिसेंबर १९४२ पासून ते देशभर लागू झाले त्याचे कारण पेट्रोल नव्हतेच. कारण होते रबर. जपानने मलाया आणि डच ईस्ट इंडीज घेतल्यावर अमेरिकेला मिळणाऱ्या नैसर्गिक रबराचा नव्वद टक्क्यांच्या आसपास भाग बंद झाला. टायर वाचवायचे तर गाड्या कमी आणि हळू चालल्या पाहिजेत. म्हणून साध्या गाडीला आठवड्याला चार गॅलन, म्हणजे सुमारे १५ लिटर पेट्रोल आणि वेगमर्यादा ताशी ३५ मैल. हा सल्ला बरूक समितीचा होता आणि त्या समितीत रसायनशास्त्रज्ञ जेम्स कोनंट व भौतिकशास्त्रज्ञ कार्ल कॉम्प्टन होते. दुसरीकडे ब्युटाडीन आणि स्टायरीन यांपासून कृत्रिम रबर तयार करण्याचे कारखाने उभे राहिले. सर्वसाधारण वापराचे असे रबर १९४१ साली वर्षाला जेमतेम काहीशे टन होत होते. १९४५ साली ते महिन्याला सत्तर हजार टनांपर्यंत गेले.

स्वयंपाकघरातली उरलेली चरबी डब्यात साठवून खाटकाकडे द्यायची मोहीमही होती. पौंडामागे चार सेंट आणि पुढे दोन लाल पॉइंटही मिळत. चरबीपासून साबण करताना ग्लिसरीन सुटते आणि ग्लिसरीनपासून नायट्रोग्लिसरीन. पौंडभर चरबीतून पौंडभर स्फोटक होते असे प्रचारात सांगितले जाई. दहावी-अकरावीच्या विद्यार्थ्यांकडून हे तपासून घ्यावे. ट्रायस्टिअरिनचा रेणूभार ८९०, त्यातून मिळणाऱ्या ग्लिसरीनचा ९२ आणि त्याच्या नायट्रोग्लिसरीनचा २२७. म्हणजे काहीही वाया गेले नाही तरी पौंडभर चरबीतून पाव पौंड नायट्रोग्लिसरीन. त्यात इतर पदार्थ मिसळून स्फोटकाचे वजन वाढते हे खरे, पण घोषणा करणाऱ्याने तराजू जरा सैल धरला होता.

करमणुकीवर रेशन नव्हते. दर आठवड्याला आठ कोटींहून अधिक सिनेमाची तिकिटे खपत आणि देशाची लोकसंख्या होती साडेतेरा कोटींच्या आसपास. बिंग क्रॉस्बीचे ‘व्हाइट ख्रिसमस’ आणि ‘कॅसाब्लांका’ हा चित्रपट, दोन्ही १९४२ सालचे. पण गाण्याची तबकडी बनते कशापासून? शेलॅकपासून, म्हणजे आपल्या लाखेपासून. तिचा मोठा पुरवठा भारतातून, मुख्यतः छोटा नागपूर आणि आसपासच्या जंगलांतून होत असे. रांचीजवळ नामकुम येथे लाख संशोधन संस्था १९२४ साली स्थापन झाली होती. जहाजे कमी पडू लागली आणि लष्करालाही शेलॅक हवे होते, म्हणून एप्रिल १९४२ मध्ये त्याचा नागरी वापर शेकडा सत्तरने कापला गेला. नवी तबकडी हवी तर जुनी आणून द्या, असे दुकानदार सांगू लागले. सैनिकांसाठी १९४३ पासून निघालेल्या तबकड्या मग न फुटणाऱ्या व्हिनाइलवर निघाल्या.

कपड्यांवरही निर्बंध होते. मार्च १९४२ च्या लोकर नियंत्रणाने लांब घेरदार कोट आणि ढगळ विजारींचा ‘झूट सूट’ जवळपास बेकायदा ठरला. लॉस एंजेलिसमधल्या मेक्सिकन वंशाच्या तरुणांत तो लोकप्रिय होता. जून १९४३ मध्ये तिथल्या नौसैनिकांनी आणि इतरांनी अशा तरुणांना रस्त्यात गाठून मारले, अंगावरचे कपडे फाडले. पोलिसांनी पकडले ते बहुतेक मार खाणाऱ्यांनाच. कापडाची उधळपट्टी हे निमित्त होते, द्वेष आधीचाच होता. जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना तर १९४२ साली घरदार सोडून छावण्यांत जावे लागले. त्यांतले अनेक जण कॅलिफोर्नियात भाजीपाला पिकवणारे शेतकरी होते. सर्वांना समान पॉइंट देणाऱ्या देशाचे हेही त्याच वर्षांतले चित्र.

आता निर्देशांकाच्या वादाकडे येऊ. जुलै १९४२ मध्ये असे ठरले होते की वेतनवाढ जानेवारी १९४१ च्या पातळीवर जास्तीत जास्त शेकडा १५ द्यावी, कारण मे १९४२ पर्यंत राहणीखर्च तेवढाच वाढला होता. त्यानंतर कामगाराचे सगळे नशीब निर्देशांकाशी बांधले गेले. सरकारी आकड्याप्रमाणे डिसेंबर १९४३ पर्यंत वाढ २३.४ टक्के होती. कामगार नेते जॉर्ज मीनी आणि आर. जे. थॉमस यांनी १९४४ च्या सुरुवातीला अहवाल देऊन ती ४३.५ टक्के असल्याचे सांगितले.

खोटे कोण बोलत होते? आमच्या समजुतीप्रमाणे कोणीच नाही. निर्देशांक एकाच वस्तूची आजची आणि कालची किंमत पाहतो. पण शर्टाचे कापड विरळ झाले, शिवण सैल झाली, खिमटात चरबी वाढली तर ती ‘तीच’ वस्तू राहते का? कारखानदारांनी स्वस्त मालाचे उत्पादन बंद केले तर गिऱ्हाइकाला महाग माल घ्यावा लागतो, तरी एकाही वस्तूची किंमत वाढलेली नसते. काळ्या बाजारात दिलेले जादा पैसे पाहणीला आलेल्या बाईंना कोण सांगणार? किंमत दाबून धरली की टंचाई गुणवत्तेतून आणि रांगेतून बाहेर पडते, आणि तिथे मोजमाप करणे अवघड. वेस्ली मिचेल यांच्या समितीने तपासणी करून सांगितले की निर्देशांक वाढ थोडी कमी दाखवतो, पण चूक काही थोड्या टक्क्यांची आहे, संघटना म्हणतात तितकी मोठी नाही. मात्र हा निर्देशांक एका ठरावीक पद्धतीने किमती मोजतो, राहणीखर्च नव्हे, हेही मान्य झाले. १९४५ साली त्याच्या नावातून ‘राहणीखर्च’ हा शब्द काढून तो ‘ग्राहक किंमत निर्देशांक’ झाला.

३० जून १९४६ रोजी किंमत नियंत्रणाच्या कायद्याची मुदत संपली आणि जुलैच्या एका महिन्यात निर्देशांक सुमारे ६ टक्क्यांनी उसळला. त्याच जूनमध्ये पिट्सबर्गला तेरा हजार नायलॉन मोज्यांच्या जोड्यांसाठी चाळीस हजार लोक रांगेत उभे होते. चार वर्षे ते नायलॉन हवाई छत्र्यांना जात होते. काँग्रेसने लवकरच एक दुबळा कायदा पुन्हा केला, पण पशुपालकांनी जनावरे बाजारात आणणेच थांबवले आणि ऑक्टोबरमध्ये अध्यक्ष ट्रुमन यांना मांसावरचे नियंत्रण उठवावे लागले. १९४५ ते १९४८ या तीन वर्षांत किंमतपातळी एक तृतीयांशाने चढली. ती सगळीच नवी महागाई होती असे मात्र म्हणता येत नाही. विरळ कापड आणि काळा बाजार यांत दडलेली जुनी महागाई त्या वेळी आकड्यांत उमटली, हा तिचा एक भाग.

साखरेचे रेशनिंग सर्वांत शेवटी, जून १९४७ मध्ये उठले. मे १९४२ मध्ये शाळेतल्या टेबलावर ज्या पहिलीतल्या मुलाच्या नावाचे पुस्तक फाडून दिले गेले, ते तोवर सहावी पूर्ण करत होते.