पडद्याची कड बारीक कशी झाली?

भाताच्या बांध्यांना पाणी देताना फुलचूरकडचा शेतकरी सगळ्या बांध्या एकदम भरत नाही. वरची बांधी भरली की तिचे पाणी तोडतो आणि धुऱ्यातली वाट मोकळी करून खालची भरायला घेतो. मोबाइलच्या किंवा संगणकाच्या सपाट पडद्यावरचे चित्रही असेच ओळीओळीने भरले जाते. फरक आहे तो वेगाचा. नेहमीच्या पडद्यावर १०८० आडव्या ओळी असतात आणि सारे चित्र सेकंदाला ६० वेळा नव्याने भरावे लागते. म्हणजे एका ओळीच्या वाट्याला सुमारे १५ मायक्रोसेकंद येतात. (हा भागाकार विद्यार्थ्यांकडून जरूर करून घ्यावा.)

प्रत्येक ओळीत १९२० चित्रबिंदू असतात. लाल, हिरवा, निळा असे तीन भाग धरले तर ५७६० घरे होतात. प्रत्येक घराला एक ट्रान्झिस्टर असतो, तो बटणाचे काम करतो. एका ओळीतल्या सर्व ट्रान्झिस्टरांची 'गेट' नावाची अग्रे एकाच तारेला जोडलेली असतात. त्या तारेवर व्होल्टेज चढले की ओळ उघडते, उभ्या तारांवरून आलेली चित्राची माहिती घराघरांत शिरते आणि ओळ पुन्हा बंद होते. या १०८० तारा पाळीपाळीने उघडणाऱ्या मंडलाला 'गेट ड्रायव्हर' म्हणतात.

हे मंडल ठेवायचे कोठे? पूर्वी स्फटिकी सिलिकॉनच्या वेगळ्या चकत्यांवर ते असे आणि त्या चकत्या लवचीक फितींनी काचेच्या कडेला चिकटवलेल्या असत. हजारावर तारा बाहेर काढून जोडायच्या म्हणजे जागा ही लागणारच. जुन्या पडद्यांच्या रुंद काळ्या कडेचे हे एक मोठे कारण होते. मग घरातले ट्रान्झिस्टर जसे काचेवरच घडवतात, तसे हे मंडलही काचेवरच का घडवू नये?

ही कल्पना पडद्याइतकीच जुनी आहे. अमेरिकेत प्रिन्स्टन येथे आरसीए कंपनीच्या प्रयोगशाळेत पॉल वाइमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ साली १८० गुणिले १८० घरांचा प्रतिमा-संवेदक प्रसिद्ध केला. त्याची पाळी लावणारे मंडलही पातळ थरांच्या ट्रान्झिस्टरांचेच होते. पुढे १९७३ मध्ये वेस्टिंगहाउसमध्ये पीटर ब्रॉडी यांच्या गटाने घराघरात ट्रान्झिस्टर असलेला द्रव-स्फटिक पडदा करून दाखवला. १९७९ साली स्कॉटलंडमधील डंडी विद्यापीठात स्पिअर आणि लेकोंबर यांच्या गटाने अस्फटिकी सिलिकॉनचा ट्रान्झिस्टर दाखवला आणि मोठ्या काचेवर स्वस्तात थर देता येईल असा पदार्थ हाती आला.

पण हा पदार्थ मोठा आळशी! स्फटिकी सिलिकॉनच्या तुलनेत यात इलेक्ट्रॉन शेकडो पटींनी मंद चालतात. शिवाय गेटवर सतत व्होल्टेज ठेवले तर ट्रान्झिस्टर 'थकतो', म्हणजे तो चालू होण्यासाठी लागणारे व्होल्टेज हळूहळू वाढत जाते. अशा ट्रान्झिस्टरांकडून पाळी लावून घ्यायची कशी?

उत्तर आले ते आरसीएच्याच वारसांकडून. १९८६ मध्ये जनरल इलेक्ट्रिकने आरसीए घेतली आणि तिचा दूरदर्शन संचांचा धंदा लवकरच फ्रान्सच्या थॉमसन कंपनीकडे गेला. थॉमसनच्या नावावर १९९३ मध्ये डोरा प्लस यांना आणि १९९५-९६ मध्ये हक व वाइसब्रॉड यांना अशा मंडलांची पेटंटे मिळाली. अभियंते आजही मूळ चार ट्रान्झिस्टरांच्या टप्प्याला 'थॉमसन मंडल' म्हणतात. त्याची युक्ती आम्हाला फार सुंदर वाटते. आधीच्या ओळीचा स्पंद पुढच्या टप्प्यातील मोठ्या ट्रान्झिस्टरचे गेट प्रभारित करतो आणि ते तरंगते सोडून देतो. मग घड्याळी स्पंद चढू लागला, की तलावाचे पाणी चढताना डोंगा वर यावा तसे ते गेटही धारित्राच्या जोरावर वर उचलले जाते, पुरवठ्याच्या व्होल्टेजच्याही वर. त्यामुळे मंद ट्रान्झिस्टरसुद्धा पूर्ण स्पंद ओळीवर सोडू शकतो. पुढची ओळ उघडली की तिचाच स्पंद मागच्या टप्प्याला बंद करतो. म्हणजे बांध्याच एकमेकींची पाळी सांभाळतात.

खरी कसरत यापुढे आहे. ओळ १५ मायक्रोसेकंद उघडी, बाकी सारा वेळ बंद. पण घड्याळी स्पंद चालूच असतात आणि त्यांचा धक्का बंद ओळीलाही बसतो. तिला दाबून धरायला आणखी ट्रान्झिस्टर हवेत. तेही थकतात, म्हणून दोन जोड्या आलटून पालटून वापरतात. आता टप्प्याची उंची ओळीच्या उंचीइतकीच असणार. मोबाइलमध्ये ती मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी असते. म्हणून वाढलेला प्रत्येक ट्रान्झिस्टर आडवा पसरतो आणि कड रुंद करतो. विषम ओळींचे टप्पे डावीकडे आणि सम ओळींचे उजवीकडे मांडले की प्रत्येकाला दुप्पट उंची मिळते. कड अशी कणाकणाने कमी होत गेली.

या कथेत महाराष्ट्रही येतो, पण उलट्या बाजूने. औरंगाबादच्या (आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या) व्हिडिओकॉन कंपनीने २००५ साली याच थॉमसनचा रंगीत चित्रनलिकांचा धंदा विकत घेतला. इटली, पोलंड, मेक्सिको आणि चीनमधले कारखाने त्यात आले. त्या वेळी भारतात चित्रनलिकेचे संच भरपूर खपत होते, म्हणून हा निर्णय वेडेपणाचा होता असे आम्ही म्हणणार नाही. पण २००८च्या सुमारास जगात सपाट संचांची विक्री नलिकावाल्यांच्या पुढे गेली. थॉमसनच्या कागदांत बारा वर्षे पडून असलेले चार ट्रान्झिस्टर तोवर पूर्व आशियातल्या कारखान्यांत काचेवर उतरू लागले होते. व्हिडिओकॉन २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. तिची कारणे अर्थात अनेक होती. २०१६च्या सुमारास नागपूरजवळ बुटीबोरीला पडद्यांचा कारखाना काढण्याची घोषणाही झाली होती. तो काही उभा राहिला नाही.

शाळेत एखादा बंद पडलेला सपाट मॉनिटर आणि एखादा नवा, फुटलेला लॅपटॉपचा पडदा मिळाला तर दोन्ही शेजारी ठेवून पाहावेत. वीज पूर्ण तोडलेली असावी; जुन्या मॉनिटरमागच्या दिव्याच्या नळ्यांत पारा असतो, त्यांना हात लावू नये. जुन्या काचेच्या दोन कडांना तपकिरी फिती दिसतील, एका कडेला स्तंभांच्या आणि दुसरीला ओळींच्या. नव्यात बहुधा एकाच लांब कडेला फिती असतील. ओळींचे मंडल तेथे काचेवरच, काळ्या पट्टीखाली दडलेले असते.