मोनेचा सूर्य किती उजळ?

फ्रान्समधील ल हाव्र बंदरातील पहाट. निळसर करडे धुके, पाण्यावर दोन-तीन होड्या, मागे डोलकाठ्या आणि धुराड्यांच्या पुसट आकृत्या. या सगळ्यात नारिंगी सूर्याचा लहानसा ठिपका. क्लोद मोनेचे हे चित्र जेमतेम ४८ सेंटिमीटर उंच आणि ६३ सेंटिमीटर रुंद आहे.

१८७४ साली ते पॅरिसच्या प्रदर्शनात मांडले गेले, तेव्हा लुई लरुआ या समीक्षकाने भिंतीवर चिकटवायचा कागदसुद्धा याहून पुरा असतो, अशी टिंगल केली. चित्राच्या 'इम्प्रेशन, सूर्योदय' या नावावरून त्याने या चित्रकारांना 'इम्प्रेशनिस्ट' म्हणून हिणवले. पुढे तेच नाव मानाचे ठरले.

चित्र खरोखर अपुरे होते का? एक सोपा प्रयोग करून पाहू. चित्राची रंगीत प्रत घ्या आणि मोबाइलवर तिचे कृष्णधवल छायाचित्र काढा. सूर्य जवळजवळ नाहीसा होतो! म्हणजे तो भोवतालच्या आकाशाहून उजळ रंगवलेलाच नाही. फरक आहे तो फक्त रंगाचा.

खरा सूर्य आकाशाहून कितीतरी तेजस्वी असतो, पण रंगाला स्वतःचा उजेड नसतो. मोनेने ही अडचण वेगळ्या वाटेने सोडवली. हार्वर्डच्या मेंदूशास्त्रज्ञ मार्गारेट लिव्हिंगस्टन यांचे स्पष्टीकरण असे : वस्तूची जागा आणि हालचाल ठरवणारी मेंदूतील यंत्रणा केवळ उजेडातील फरक टिपते, तिला रंग कळत नाहीत. रंग ओळखणारी यंत्रणा निराळी. हा सूर्य पहिलीला जवळजवळ दिसत नाही, दुसरीला ठळक दिसतो. म्हणून तो एका जागी स्थिर न वाटता थरथरल्यासारखा भासतो.

चित्रात निरीक्षणही आहे. अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ डोनल्ड ओल्सन यांनी सूर्याची दिशा व उंची, भरतीची वेळ, धुराचा कल आणि हवामानाच्या जुन्या नोंदी ताडून पाहिल्या. २०१४ साली त्यांनी सर्वांत संभाव्य वेळ सांगितली : १३ नोव्हेंबर १८७२, सकाळी सुमारे ७ वाजून ३५ मिनिटे. 'अपुऱ्या' चित्रात एवढी माहिती होती!

विज्ञानाने चित्राचे सौंदर्य उणावते, असे पुष्कळांना वाटते. आमचा अनुभव उलट आहे. वर्गात हा प्रयोग करा, आणि मग मुलांना मूळ रंगीत प्रत पुन्हा पाहू द्या. या वेळी ती अधिक वेळ पाहतील.