व्हेनिस : सहा पेठांची पायवाट

व्हेनिसमधील पत्त्यात रस्त्याचे नाव सहसा नसते. पेठेचे नाव आणि त्यापुढे एक क्रमांक, एवढाच पत्ता. कास्तेल्लो या पेठेत हे क्रमांक सहा हजारांच्याही पुढे जातात. एका बोळात सुरू झालेली गणती पूल ओलांडून दुसऱ्या बोळात शिरते, चौकाला वळसा घालते आणि भलत्याच ठिकाणी संपते. त्यामुळे परक्या माणसाला क्रमांकाचा उपयोग फारसा होत नाही. स्थानिक रहिवासी जवळचे चर्च, पूल किंवा चौक सांगतात आणि पुढचा मार्ग पायांवर सोडून देतात. हे शहर पायीच का पाहावे, याचे उत्तर या पत्त्यातच दडलेले आहे.

इटलीच्या ईशान्येस, एड्रिएटिक समुद्रालगतच्या खाजणात ११८ लहान बेटांवर व्हेनिस वसले आहे. बेटे जोडणाऱ्या पुलांची संख्या चारशेहून अधिक आहे. १८४६ मध्ये रेल्वेपूल झाला, तोपर्यंत शहरात येण्यासाठी नावेशिवाय साधन नव्हते. मोटारींसाठीचा पूल १९३३ मध्ये आला. पण मोटारगाडीची मजल शहराच्या वेशीवरील पियात्साले रोमा या तळापर्यंतच. त्यापुढे सायकल हाती धरून नेण्यासही मनाई आहे. उरतात त्या नावा आणि पाय.

बोळ, चौक आणि धक्के

पुण्यात जशा पेठा, तशा व्हेनिसमध्ये ‘सेस्तिएरे’. या शब्दाचा अर्थच सहावा हिस्सा. कान्नारेज्जो, कास्तेल्लो, सान मार्को, दोर्सोदुरो, सान पोलो आणि सांता क्रोचे या त्या सहा पेठा. गोंडोला नावेच्या नाळेवरील लोखंडी फणीचे सहा दाते या सहा पेठांचे, तर मागच्या बाजूचा एकटा दाता ज्युदेक्का बेटाचा, असे तेथे सांगितले जाते. शहराच्या मधून उलट्या ‘एस’ अक्षराच्या आकाराचा सुमारे पावणेचार किलोमीटर लांबीचा मोठा कालवा वाहतो. त्याच्या दोन्ही अंगांना तीन-तीन पेठा आहेत.

पायी हिंडणाऱ्याने चार-सहा स्थानिक शब्द जाणून घेतले, तर शहर वाचता येते. ‘काल्ले’ म्हणजे बोळ. ‘काम्पो’ म्हणजे चौक. मूळ अर्थ शेत किंवा कुरण, कारण फरसबंदी होण्यापूर्वी चर्चसमोरच्या या जागांत गवत वाढे. ‘पियात्सा’ हा मान केवळ सान मार्कोच्या चौकाला. ‘फोंदामेंता’ म्हणजे कालव्याकाठचा धक्का, ‘रिओ’ म्हणजे लहान कालवा आणि ‘रिओ तेरा’ म्हणजे बुजवून रस्ता केलेला कालवा. घराखालून आरपार जाणाऱ्या देवडीसारख्या वाटेला ‘सोतोपोर्तेगो’ म्हणतात. ही नावे भिंतींवर पांढऱ्या चौकटींत काळ्या अक्षरांनी रंगविलेली असतात. या चौकटींना ‘नित्सिओलेती’, म्हणजे लहान चादरी, असे लाडके नाव आहे.

जवळजवळ प्रत्येक जुन्या चौकात दगडी कठडा असलेली विहीर दिसते. ती खरी विहीर नव्हे. खाऱ्या खाजणात गोडे पाणी मिळणार कोठून? म्हणून चौकाखाली चिकणमातीचे अस्तर दिलेले टाके खणून त्यात वाळू भरत. फरसबंदीवर पडणारे पावसाचे पाणी त्या वाळूतून गाळले जाऊन मधल्या विहिरीत साठे. १८८४ मध्ये मुख्य भूमीवरून नळाने पाणी आले आणि या विहिरींची झाकणे कायमची बंद झाली.

कान्नारेज्जो : एका शब्दाचे जन्मस्थान

रेल्वे स्थानकातून बाहेर पडून डाव्या हाताने चालू लागले की कान्नारेज्जो पेठ लागते. पर्यटकांचा लोंढा रिआल्तोकडे वळतो. त्याला सोडून कालवा ओलांडला की एका बुटक्या देवडीतून गेत्तोमध्ये प्रवेश होतो. जगभरच्या भाषांत रूढ झालेला ‘घेटो’ हा शब्द येथला. या जागी पूर्वी ओतशाळा होती आणि तिच्या स्थानिक नावावरून हा शब्द आला, असे बहुतेक अभ्यासक मानतात. १५१६ मध्ये व्हेनिसच्या प्रजासत्ताकाने शहरातील ज्यूंना या बेटावर राहण्याची सक्ती केली. रात्री दारे बंद होत आणि पहारेकऱ्यांचा पगारही ज्यूंनाच द्यावा लागे.

जागा वाढवून मिळेना, म्हणून घरे आकाशाकडे वाढली. सात-आठ मजल्यांची, बुटक्या छतांची ही घरे आजही उभी आहेत. कोणत्याही घराच्या खिडक्या मोजल्या, तर येथल्या जीवनाची दाटी ध्यानात येते. सोळाव्या शतकात येथे पाच प्रार्थनास्थळे उभी राहिली. बाहेरून ती ओळखू येत नाहीत, कारण ती वरच्या मजल्यांवर आहेत. १७९७ मध्ये नेपोलियनच्या फौजांनी प्रजासत्ताकाचा अंत केला, तेव्हा गेत्तोची दारे उखडून टाकण्यात आली. मात्र १९४३-४४ मध्ये याच शहरातून दोनशेहून अधिक ज्यूंना छळछावण्यांत धाडण्यात आले. चौकातील भिंतीवरील कांस्यशिल्पे त्याचे स्मरण देतात.

येथून उत्तरेकडील धक्क्यांनी चालत गेल्यास काम्पो देई मोरी हा चौक येतो. तेथील भिंतींत फेटेधारी व्यापाऱ्यांचे दगडी पुतळे बसविलेले आहेत. जवळच चित्रकार तिंतोरेत्तो राहत असे. पलीकडच्या मादोन्ना देल्लोर्तो चर्चमध्ये त्याची समाधी आहे. याच पेठेच्या दक्षिण टोकाला, रिआल्तो पुलापासून काही पावलांवर, ‘कोर्ते सेकोंदा देल मिलिओन’ हे अंगण आहे. मार्को पोलोच्या कुटुंबाचे घर या परिसरात होते. १२७१ मध्ये निघालेला मार्को पोलो १२९५ मध्ये परतला. त्याच्या प्रवासवर्णनात ठाण्याच्या राज्याचाही उल्लेख आहे. तेथील कमावलेले चामडे, सुती कापड आणि किनाऱ्यावरील चाचे यांविषयी त्याने लिहिले आहे.

रिआल्तो, सान पोलो आणि सांता क्रोचे

रिआल्तोचा आजचा दगडी पूल अंतोनिओ दा पोंते याने १५८८ ते १५९१ या काळात बांधला. १८५४ पर्यंत मोठ्या कालव्यावरील हा एकमेव पूल होता. पुलापलीकडे सान पोलो पेठेत शहराची जुनी बाजारपेठ आहे. गल्ल्यांची नावे व्यापाऱ्यांवरून पडलेली आहेत. सोनारांची ‘रुगा देई ओरेझी’, मसालेवाल्यांची ‘रुगा देई स्पेत्सिएरी’. मलबारची मिरी तांबड्या समुद्रातून अलेक्झांड्रियास आणि तेथून व्हेनिसच्या जहाजांनी येथे येई. वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला पोहोचला आणि त्याची वार्ता येऊन धडकली, तेव्हा रिआल्तोवर धास्ती पसरली. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला. तरीही व्हेनिसचा मिरीचा व्यापार एका फटक्यात बुडाला नाही; सोळाव्या शतकाच्या मध्यास तो पुन्हा सावरला होता. खरा उतार पुढच्या शतकातला.

मासळी बाजाराची आजची कमानदार इमारत १९०७ ची. जवळच्या भिंतीवर एक जुना दगडी फलक आहे. कोणता मासा किती लांबीचा झाल्याशिवाय विकू नये, याची मापे त्यावर कोरलेली आहेत. सकाळी लवकर येथे येणे उत्तम. बाजारालगतच्या ‘बाकारो’ नावाच्या छोट्या गुत्त्यांत उभ्याने खाण्याचे चटकमटक पदार्थ मिळतात.

बाजारामागील बोळांतून काम्पो सान पोलो या विस्तीर्ण चौकात जाता येते. जवळच सांत आगोस्तिन चौकाच्या परिसरात आल्दुस मानुतिउस याचा छापखाना होता. हातात धरून वाचता येतील अशी छोट्या आकाराची अभिजात पुस्तके त्याने १५०१ पासून काढली. तिरक्या वळणाचा ‘इटालिक’ टाइपही त्याच्याच छापखान्याची देणगी. पुढे फ्रारी चर्चमध्ये तित्सियानोचे ‘स्वर्गारोहण’ हे भव्य चित्र आहे आणि शेजारच्या सान रोक्कोच्या वास्तूत तिंतोरेत्तोने भिंती व छते चित्रांनी भरून टाकलेली आहेत. लगतच्या सांता क्रोचे पेठेत वर्दळ कमी. संध्याकाळी चौकांत मुले चेंडू खेळताना दिसतात.

दोर्सोदुरो : विद्यार्थी, नावा आणि मन्नत

दोर्सोदुरो ही विद्यार्थ्यांची पेठ. १८६८ मध्ये स्थापन झालेले का फोस्कारी विद्यापीठ येथेच आहे. सान बार्नाबा चर्चजवळच्या ‘पोंते देई पुन्यी’, म्हणजे ठोशांच्या पुलावर, संगमरवरी पावले बसविलेली आहेत. शहरातील दोन तट या पुलावर मुष्टियुद्ध खेळत. कठडे नसल्याने हरणारे थेट पाण्यात पडत. १७०५ मध्ये या झुंजींवर बंदी आली.

सान त्रोव्हासो येथे गोंडोला बांधण्याचा जुना कारखाना धक्क्यावरून पाहता येतो. गोंडोला सुमारे ११ मीटर लांब असते आणि तिची डावी बाजू उजवीपेक्षा रुंद असते. नावाडी एकाच बाजूने वल्हवतो, तेव्हा नाव गोल फिरू नये यासाठी ही योजना.

पेठेच्या टोकाला सांता मारिया देल्ला सालुते हे घुमटाकार चर्च आहे. १६३०-३१ च्या प्लेगमध्ये शहराची सुमारे एक तृतीयांश लोकसंख्या मृत्युमुखी पडली. साथ सरावी म्हणून बोललेला नवस या वास्तूच्या रूपाने फेडला गेला. तिच्या पायात दहा लाखांहून अधिक लाकडी खुंट ठोकलेले आहेत. चिखलात प्राणवायू पोहोचत नसल्याने लाकूड सहजी कुजत नाही. जवळजवळ सारे शहर अशाच खुंटांवर उभे आहे. दर वर्षी २१ नोव्हेंबरला मोठ्या कालव्यावर तात्पुरता पूल बांधला जातो आणि नागरिक मेणबत्त्या घेऊन येथे येतात. हा उत्सव पर्यटकांचा नव्हे, शहराचा आहे.

कास्तेल्लो आणि सान मार्को

पूर्वेकडील कास्तेल्लो ही सर्वांत मोठी पेठ. ‘आर्सेनाले’ हा प्रजासत्ताकाचा जहाजबांधणीचा कारखाना येथे बाराव्या शतकापासून चालला. ‘उद्योगगृह’ या अर्थाच्या अरबी शब्दावरून हे नाव आले आणि पुढे जगाने ‘आर्सेनल’ म्हणून स्वीकारले. दारावरील दगडी सिंह ग्रीसमधून लूट म्हणून आणलेले. त्यांतील १६८७ मध्ये पिरेयस बंदरातून आणलेल्या एकाच्या अंगावर उत्तर युरोपातील योद्ध्यांनी कोरलेली प्राचीन लिपी आहे. पुढची व्हिया गारिबाल्दी ही नेपोलियनच्या काळात कालवा बुजवून केलेली रुंद वाट. तिच्या आडबोळांत घराघरांमधून वाळत घातलेले कपडे अजून दिसतात. वाटेच्या अखेरीस सान पिएत्रो चर्च आहे. १८०७ पर्यंत शहराचे मुख्य चर्च हेच. सान मार्को तोवर राज्यप्रमुखाचे खासगी प्रार्थनामंदिर होते.

सान मार्को पेठेविषयी नव्याने सांगावे असे थोडेच. तेथील मनोरा १४ जुलै १९०२ रोजी कोसळला आणि १९१२ मध्ये होता तसा पुन्हा बांधला गेला. मात्र मराठी वाचकाने किनाऱ्यालगतच्या जुन्या टांकसाळीपुढे क्षणभर थांबावे. तिचे नाव ‘त्सेक्का’. अरबी ‘सिक्का’वरून आलेला हा शब्द आपल्या ‘शिक्क्या’चा सख्खा भाऊ. १२८४ पासून व्हेनिसने पाडलेले सोन्याचे नाणे भारताच्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत चालत असे. त्यावरील मानवाकृतींमुळे जुन्या मराठी व्यवहारात त्यास ‘पुतळी’ म्हणत. आजीच्या पेटीतील पुतळ्यांच्या माळेचे नाते असे या शहराशी जाऊन भिडते.

ओसरणारे शहर

व्हेनिसचे नाव निघाले की बुडण्याची भाषा होते. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी भरतीची पातळी १९४ सेंटिमीटरवर, तर १२ नोव्हेंबर २०१९ रोजी १८७ सेंटिमीटरवर गेली होती. ३ ऑक्टोबर २०२० पासून खाजणाच्या तीन मुखांवरील ‘मोसे’ हे हलते दरवाजे मोठ्या भरतीच्या वेळी उभारले जाऊ लागले आणि पुराचा धोका बराच आटोक्यात आला. माणसांची ओहोटी मात्र कोणत्याही दरवाजाने थांबलेली नाही. ऐतिहासिक शहरात १९५१ मध्ये सुमारे पावणेदोन लाख लोक राहत. २००९ मध्ये ही संख्या ६० हजारांखाली गेली, तेव्हा रहिवाशांनी मोठ्या कालव्यातून शवपेटी नेऊन शहराची प्रतीकात्मक अंत्ययात्रा काढली. २०२२ मध्ये ती ५० हजारांच्याही खाली आली. काम्पो सान बार्तोलोमेओमधील एका औषधविक्रेत्याच्या काचेआड २००८ पासून ही संख्या दाखविणारा फलक लावण्यात आला.

कारणे गुंतागुंतीची आहेत. १९६६ च्या पुरानंतर तळमजल्यावरील घरे सुटली, मुख्य भूमीवर घरे स्वस्त होती आणि नोकऱ्याही तिकडेच होत्या. अलीकडे पर्यटकांना भाड्याने दिल्या जाणाऱ्या घरांनी उरलीसुरली जागा व्यापली. भाजीवाला, चांभार, सुतार यांच्या दुकानांत मुखवटे आणि शोभेच्या वस्तू आल्या. शासनाने काही उपाय योजले. ऑगस्ट २०२१ पासून ज्युदेक्का कालव्यातून प्रचंड पर्यटनजहाजांना बंदी झाली. २०२४ मध्ये एका दिवसापुरत्या येणाऱ्या पाहुण्यांना गर्दीच्या निवडक दिवशी पाच युरो प्रवेशशुल्क लागू झाले. २०२५ मध्ये ऐनवेळी नोंदणी करणाऱ्यांसाठी ते दहा युरो झाले. मार्गदर्शकांसह फिरणाऱ्या गटांवर २०२४ पासून २५ जणांची मर्यादा आली आणि ध्वनिवर्धकही बंद झाले.

चालणाऱ्यांसाठी

• भिंतींवरील ‘पेर रिआल्तो’, ‘पेर सान मार्को’ आणि ‘आल्ला फेर्रोव्हिया’ (रेल्वे स्थानकाकडे) या पाट्या लक्षात ठेवल्या, तर वाट चुकूनही माणूस हरवत नाही.
• बहुतेक पुलांना पायऱ्या आहेत. जड सामान रेल्वे स्थानकावर ठेवावे.
• बोळात उजवीकडून एका ओळीने चालावे. पुलावर थांबून वाट अडवू नये. मागून येणारा कामावर निघालेला असतो.
• एका दिवशी एक किंवा दोन पेठा पुरेत. कान्नारेज्जो व रिआल्तो सकाळी, दोर्सोदुरो सायंकाळी आणि कास्तेल्लोसाठी स्वतंत्र दिवस, असा क्रम सोयीचा.
• मोठ्या भरतीचा हंगाम साधारणतः शरद आणि हिवाळ्याचा. जाण्यापूर्वी भरतीचा अंदाज आणि प्रवेशशुल्काचे दिवस पाहून घ्यावेत.
• शक्य असल्यास मुक्काम करावा. मुक्कामी पाहुण्याला २०२४ व २०२५ च्या नियमांत प्रवेशशुल्क नव्हते, नोंदणी मात्र आवश्यक होती.

सायंकाळी दिवसाचे पाहुणे परतू लागतात. मग चौकातील बाकांवर वृद्ध येऊन बसतात, कोणी वरच्या खिडकीतून खालच्याशी बोलू लागते आणि मोटारींचा आवाज नसलेल्या शहरात पावलांचा आवाज दूरवर ऐकू येतो. पाहण्याजोगे व्हेनिस ते हेच. ते पाहायला जाणाऱ्याने बोळातल्या माणसाला वाट द्यावी, त्याच्या दुकानात दोन फळे विकत घ्यावीत आणि त्याचा उंबरठा बसण्याची जागा समजू नये. वास्तू खुंटांवर उभ्या असल्या, तरी शहर माणसांवर उभे असते.