मोटारगाडीतील ब्लोअर मंडलदोष

मोटारगाडीच्या वातानुकूलन व तापन यंत्रणेतील हवा गाडीच्या आत ढकलणाऱ्या पंख्यास ब्लोअर म्हणतात. या पंख्याच्या मोटरला वीज पुरवणाऱ्या किंवा तिचा वेग नियंत्रित करणाऱ्या विद्युत मंडलातील बिघाड म्हणजे ब्लोअर मंडलदोष होय. अनेक आधुनिक गाड्यांतील नियंत्रण संगणक असा बिघाड आढळल्यास त्याची नोंद दोषसंकेतांकाच्या रूपाने करतो. संकेतांक बिघडलेल्या भागाचे नाव सांगत नाही; कोणत्या मंडलात अपेक्षेहून वेगळी स्थिती आढळली, एवढेच तो दर्शवतो. त्यामुळे संकेतांक वाचून थेट सुटा भाग बदलल्यास दोष कायम राहण्याचा किंवा पुन्हा उद्भवण्याचा संभव असतो.

ब्लोअर बंद पडल्याने केवळ गारवा नाहीसा होत नाही. पावसाळ्यात समोरच्या काचेवर आतून साचणारे बाष्प घालवण्यासाठीही ब्लोअर आवश्यक असतो. घाटरस्त्यावर काच धुरकट झाल्यास चालकास समोरचे दिसणे कठीण होते.

मंडलाची रचना

मंडलात बॅटरी, फ्यूज, रिले, वेगनियंत्रक, मोटर व अर्थ जोडणी हे प्रमुख घटक असतात. फ्यूज बहुधा २० ते ४० अँपिअर क्षमतेचा असतो. जुन्या पद्धतीत वेग कमी करण्यासाठी रोधकसंच वापरतात. तो हवेच्या मार्गातच बसवलेला असल्याने पंख्याच्या हवेने थंड राहतो. सर्वाधिक वेगाच्या वेळी प्रवाह रोधकास वगळून थेट मोटरकडे जातो. स्वयंचलित वातानुकूलनात रोधकाऐवजी ट्रान्झिस्टरयुक्त विद्युत नियंत्रक असतो. साध्या रोधकसंचावर संगणकाची देखरेख बहुधा नसते. अशा गाड्यांत निदान लक्षणांवरूनच करावे लागते.

दोषसंकेतांक

संकेतांकाच्या आरंभीचे रोमन अक्षर यंत्रणेचा वर्ग दर्शवते : ‘पी’ इंजिन व शक्तिसंचरण, ‘बी’ बॉडी, ‘सी’ चासी आणि ‘यू’ संगणकांमधील संदेशवहन. ब्लोअरचे संकेतांक सामान्यतः ‘बी’ वर्गात येतात. त्यांपैकी अनेकांचा अर्थ उत्पादकानुसार बदलतो, म्हणून संबंधित गाडीची दुरुस्तीपुस्तिका पाहणे आवश्यक ठरते. हा दोष उत्सर्जनाशी निगडित नसल्याने इंजिनाचा इशारा दिवा सहसा लागत नाही. केवळ इंजिनाचे संकेतांक वाचणाऱ्या स्वस्त उपकरणासही तो अनेकदा दिसत नाही.

लक्षणे व संभाव्य कारणे

• केवळ सर्वाधिक वेग चालणे : रोधक किंवा त्यावरील उष्मा-फ्यूज जळणे.
• केवळ सर्वाधिक वेग न चालणे : त्या वेगाचा रिले किंवा स्विचमधील संपर्क बिघडणे.
• कोणताही वेग न चालणे : फ्यूज, रिले, मोटर किंवा अर्थ जोडणीतील दोष.
• ठोकल्यावर मोटर सुरू होणे : मोटरचे कार्बन ब्रश झिजणे.
• बंद करूनही पंखा चालू राहणे : रिलेचे संपर्क चिकटणे किंवा नियंत्रकातील ट्रान्झिस्टर शॉर्ट होणे.

निदान

प्रथम संकेतांक लिहून घ्यावा व दोष सध्या अस्तित्वात आहे की जुनी नोंद आहे, हे तपासावे. त्यानंतर फ्यूज व कपलर पाहावेत. वितळलेले प्लॅस्टिक किंवा काळवंडलेली पिन ही अतिप्रवाहाची अथवा सैल जोडणीची खूण असते. अनेक गाड्यांत रोधक व स्विच मोटरच्या ऋण बाजूस असतात, म्हणून मंडलाचा आराखडा समोर ठेवूनच मापन करावे.

व्होल्टेज मोटर चालू असताना मोजणे महत्त्वाचे असते. गंजलेल्या तारेचा एखादाच धागा शाबूत असला, तरी भार नसताना मल्टिमीटर योग्य वाचन दाखवू शकतो. सर्वाधिक वेगावर मोटरच्या दोन टोकांमध्ये बॅटरीइतके व्होल्टेज मिळूनही ती फिरत नसल्यास दोष मोटरमध्ये असतो. व्होल्टेज कमी असल्यास ते कोणत्या जोडणीवर खर्ची पडते, हे टप्प्याटप्प्याने शोधावे. उदाहरणार्थ, ०.१ ओहम रोधाच्या सैल जोडणीतून २० अँपिअर प्रवाह गेल्यास २ व्होल्ट वाया जातात व ४० वॅट उष्णता निर्माण होते. कपलर वितळण्याचे कारण हेच असते.

दुरुस्ती

नवा रोधक काही दिवसांत पुन्हा जळणे ही नेहमीची तक्रार आहे. तिचे मूळ बहुधा मोटरमध्ये असते. बेअरिंग घट्ट झाल्यास किंवा पंख्यात पाने व कचरा अडकल्यास मोटर अधिक प्रवाह ओढते. १ ओहमच्या रोधकातून ५ अँपिअर प्रवाह जाताना २५ वॅट उष्णता निर्माण होते. प्रवाह ७ अँपिअर झाल्यास ती ४९ वॅट, म्हणजे जवळजवळ दुप्पट होते. केबिन फिल्टर तुंबल्यास रोधकास थंड करणारी हवाही घटते. म्हणून रोधक बदलताना मोटरचा प्रवाह मोजणे, पंखा हाताने फिरवून पाहणे, फिल्टर तपासणे व जळालेला कपलरही बदलणे आवश्यक असते. शेवटी संकेतांक पुसून ब्लोअर सर्व वेगांवर चालवावा; नोंद पुन्हा न आल्यास दुरुस्ती पूर्ण झाली असे मानता येते.

दक्षता

फ्यूज वारंवार जात असल्यास अधिक क्षमतेचा फ्यूज बसवू नये. त्यामुळे तारांना आग लागू शकते. ब्लोअर बहुधा हातमोजे-कप्प्यामागे असतो व त्याच्या आसपास एअरबॅगच्या तारा असू शकतात. त्यांचे कपलर सामान्यतः पिवळे असतात व त्यांवर मापन करू नये. भाग सोडवण्यापूर्वी बॅटरीचे ऋण टोक काढावे. विजेवरील गाड्यांतील नारिंगी तारा उच्च व्होल्टेजच्या असल्याने त्यांना प्रशिक्षित तंत्रज्ञानेच हात लावावा.