नाशिकचे कातीव काम आणि त्याचे रोगण

मोगली अमलातले गुलशनाबाद हे नाव मागे पडून पेशव्यांच्या काळी नाशिकास त्याचे प्राचीन नाव परत मिळाले, आणि पुढे गोदातीरी सरदारांचे, सावकारांचे व वैदिकांचे जे वाडे उभे राहिले, त्यांतील काष्ठकाम हे या क्षेत्राचे घाट-मंदिरांइतकेच मोलाचे वैभव होय. सराफ बाजारातला सरकारवाडा किंवा चांदवडचा होळकरांचा रंगमहाल सर्वांस ठाऊक आहे. परंतु जुन्या नाशकाच्या गल्ल्यांतून ज्यांचे नाव कोणत्याच दप्तरी नाही अशा घरांतही सुरूदार खांब, केळफुले, महिरपी आणि सज्जाच्या कठड्याचे कातीव दांडे आढळतात. खांबावरची वेल सुताराने पटाशीने उठवावी आणि कठड्याचा दांडा कातारी दोरीने गरगर फिरवून हत्याराच्या धारेवर गोल उतरवावा, अशी ही कामाची वाटणी होती.

या कामातल्या सागवानास तेलाचाच लेप शोभतो. बेलतेल, म्हणजे उकळलेले जवसाचे तेल, लाकडाच्या रंध्रांत मुरते, जुने झाले तरी पापुद्रे सुटत नाहीत, आणि घासूनपुसून नवा हात देता येतो. कोरीव पाकळीची कडही त्याखाली बुजत नाही. चपडी लाख स्पिरिटात विरघळवून केलेले पॉलिशही, पातळ असल्यामुळे, नक्षीस मारक ठरत नाही.

1818 नंतर अंमल पालटला. सरकारवाड्यात कचेऱ्या आल्या, 1840 साली स्थापन झालेले सार्वजनिक वाचनालयही तेथे नांदले, आणि वास्तूच्या डागडुजीचा विचार कलेच्या नव्हे, सोयीच्या दृष्टीने होऊ लागला. पुढे डबाबंद तैलरंग सुलभ झाला, तेव्हा खासगी वाड्यांतही लग्नकार्याच्या निमित्ताने रंगावर रंग चढला, आणि केळफुलाच्या पाकळ्यांमधल्या खोलगट रेषा कायमच्या भरून गेल्या. अज्ञानापेक्षा हौसेनेच हे नुकसान अधिक केले, असे माझे स्पष्ट मत आहे.

हा रंग उतरविताना कॉस्टिक सोडा वापरणे म्हणजे दुसरा अपघात: त्याने सागवान काळवंडते आणि तंतू उसवतात. ज्यांच्या माजघरात असा एखादा खांब अजून उभा आहे, त्यांनी प्रथम आडबाजूच्या वीतभर जागेत जुना थर हलक्या हाताने सोडवून पाहावा, जाणत्या सुताराचा सल्ला घ्यावा, आणि नवा रंग देण्याचा विचार तूर्त तहकूब ठेवावा, ही कळकळीची विनंती.