फळा, मेज आणि यंत्रांची तुकडी

वर्गात पाच गट पाच वेगवेगळे प्रयोग करत असले, की शिक्षकाची मोठी अडचण होते. एका गटाजवळ थांबावे, तर उरलेल्या चार गटांत काय चालले आहे ते कळत नाही. संगणकशास्त्रज्ञांनाही पन्नासेक वर्षे हीच अडचण भेडसावते आहे. फरक एवढाच, की त्यांचे गट म्हणजे आज्ञावल्या आहेत.

यावरचा एक जुना उपाय शिक्षकांच्या चांगलाच ओळखीचा आहे, तो म्हणजे फळा! १९७०च्या दशकात अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात राज रेड्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बोललेले वाक्य ओळखणारी 'हिअरसे-२' ही प्रणाली रचली. तिचा एक भाग ध्वनी ओळखी, दुसरा शब्द जुळवी, तिसरा वाक्यरचना पाही. हे भाग एकमेकांशी थेट बोलत नसत. प्रत्येकाने आपला तर्क संगणकाच्या स्मृतीतील सामायिक 'फळ्या'वर मांडायचा आणि इतरांनी तो वाचून पुढे न्यायचा. आता पाळी कोणाची, हे नियंत्रक ठरवी.

थेट बोलण्यात काय बिघडते? फ्रेडरिक ब्रुक्स यांनी आयबीएमच्या 'ओएस/३६०' या प्रचंड आज्ञावलीचे काम सांभाळले होते. १९७५ साली 'द मिथिकल मॅन-मंथ' या पुस्तकात त्यांनी त्याचा हिशेब मांडला. पाच माणसांत संवादाच्या जोड्या होतात १०, दहा माणसांत ४५, तर पन्नास माणसांत १२२५! म्हणून रखडलेल्या कामावर आणखी माणसे लावली, की ते अधिकच रखडते.

माणसाला हे सारे एका नजरेत दिसायचे, तर पडदाही तसा हवा. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत डग्लस एंगलबार्ट यांनी माऊस आणि दूरच्या सहकाऱ्यासोबत एकाच मजकुरावर काम करण्याची सोय दाखवली. १९८१च्या झेरॉक्स 'स्टार' संगणकाने कागद, फाइली यांची चित्रे पडद्यावर मांडली. पडदा हेच मेज झाले.

२०२५च्या सुमारास हे धागे एकत्र आले. साध्या भाषेतील सूचना वाचून आज्ञावली लिहिणारे आणि ती चालवून पाहणारे 'एजंट' वापरात आले. एकाच माणसाने अनेक एजंटांना कामे दिली, की कोणता एजंट उत्तरासाठी खोळंबला आहे, हेच कळेनासे होई. म्हणून दृश्य साधने आली. प्रत्येक कामाचे एक कार्ड आणि 'करायचे', 'चालू', 'तपासायचे', 'झाले' असे रकाने. एजंट एकमेकांच्या लिखाणावर गिरवू नयेत, म्हणून प्रत्येकाला स्वतंत्र प्रत मिळते. लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ साली लिहिलेल्या 'गिट'मध्ये २०१५ साली आलेली एक सोय यासाठी उपयोगी पडली. बदल पडद्यावर सहसा रंगात दिसतात, काढलेली ओळ लाल आणि घातलेली हिरवी. माणसाने मान्य केले, की प्रती एकत्र होतात.

पण इथेच एक खाच आहे. समजा, शाळेच्या निकालाच्या आज्ञावलीत एक सूत्र विद्यार्थ्याचे ५० पैकी गुण देते. एका एजंटाने ते बदलून शेकडेवारी द्यायला लावले. त्याच वेळी दुसऱ्याने आपल्या प्रतीत नवे पान लिहिले, आणि त्यात त्याच सूत्राचे उत्तर '५० पैकी' म्हणून छापले. दोघांनी एकाही सामायिक ओळीला हात लावलेला नाही. प्रती बिनतक्रार जुळतात, दोन्ही कार्डे 'झाले'च्या रकान्यात जातात, आणि ४० गुणांच्या मुलाला ५० पैकी ८० गुण मिळतात!

हे उदाहरण वर्गात करून पाहता येईल. दोन गटांना वेळापत्रकाची एकेक प्रत द्यावी. एकाने तासिका ४० ऐवजी ३५ मिनिटांची करावी, दुसऱ्याने जुन्याच हिशेबाने शेवटी खेळाचा तास जोडावा. मग प्रती जुळवून शाळा कधी सुटते ते पाहावे. चूक कोणत्याच गटाच्या कागदावर सापडणार नाही. ती शोधायला दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचणारे कोणीतरी लागेल. एजंटांची संख्या वाढवणे सोपे आहे. हे वाचन मात्र कोणीतरी करावेच लागते.